झोप मोजणारं घड्याळ

दवाखान्यात दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतलं मला काहीच आठवत नाही. जे माहीत आहे ते आईनं सांगितलेलं. तिनं जेवायला उठवलं की मी डोळे मिटूनच खायची. एरवी एका भाकरीवर उठणारी मी तीन-तीन भाकरी संपवायची आणि शेवटचा घास तोंडात असतानाच कलंडायची. एकदा घास तसाच गालात राहिला. घशात अडकेल म्हणून आईनं बोट घालून तो बाहेर काढला, तरी मला जाग आली नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. राधानगरीकडच्या आमच्या गावातून पोलीस भरतीच्या तयारीसाठी कोल्हापुरात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. आम्ही सहा मुली एका खोलीत राहायचो. पहाटे ग्राउंड, दुपारी लेखीचा अभ्यास, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. मी आठशे मीटरमध्ये मागं पडायची. खोलीतल्या एका मुलीनं एके दिवशी छोटी बाटली आणली. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं बीपी एकदम पडलं तर डॉक्टर जे इंजेक्शन देतात, ते. जिममधली पोरं घेतात, काही होत नाही, असं ती म्हणाली. पहिल्यांदा घेतलं त्या दिवशी पळताना माझे पाय जमिनीला लागतच नव्हते. मग चाचणी असेल तेव्हा घ्यायची, मग आठवड्यातून दोनदा, मग रोज. शेवटी पळण्यासाठी नाही, नुसतं अंथरुणातून उठण्यासाठी लागायचं. झोप दोन तासांवर आली होती. तेवढा अभ्यास जास्त होतो म्हणून मी खूश होते.

एका सकाळी सराव करताना छाती इतकी धडधडायला लागली की ठोके घशात जाणवत होते. मी मैदानावरच बसले आणि मग आडवी झाले. अ‍ॅकॅडमीच्या सरांनी घरी फोन केला. आई-बाबा मिळेल त्या गाडीनं आले. आधी नेलेल्या हॉस्पिटलनं मला दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं डॉक्टरीणबाईंनी माझी बाही वर केली. आईनं दंडावरचे आणि कोपराजवळचे डाग बघितले आणि ती नर्सवर चिडली.

"किती येळा रगात काढलंय पोरीचं? जरा तरी दया हाय का न्हाय?"

 डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान फिरवली. आईला खरं काय ते अर्ध्या तासानं कळलं. बाबांनी त्याच संध्याकाळी गावात फोन करून सांगितलं की पोरीला डेंगी झालाय.

तो दवाखाना व्यसन सोडणाऱ्यांचा होता. वरच्या मजल्यावर बायकांसाठी दोन खाटांची एक खोली होती आणि दुसरी खाट रिकामीच असायची. आई खाली चटईवर झोपायची. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. कॉटजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि घाई असल्यासारखं कधी वागायच्या नाहीत. असली उत्तेजक औषधं सोडायला आलेल्या प्रत्येकाची झोप त्या मोजायच्या.

"आतापर्यंत तू शरीराला चाबूक मारून जागं ठेवलंस," त्या म्हणाल्या. "आता ते आधी दगडासारखं झोपेल. मग झोप हरवेल. आणि गंमत अशी, की हरवलीय हे कधीकधी तुला कळणारसुद्धा नाही."

गंमत हा शब्द त्यांनी वापरला, पण त्या हसल्या नाहीत.

माझ्या डाव्या मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं होतं. घड्याळ म्हणायचं, पण वेळ दाखवत नव्हतं. काचेच्या जागी नुसता काळा चौकोन, राखाडी पट्टा, आणि पट्ट्यावरून पांढरी चिकटपट्टी. हात हलला की ते आत नोंद करायचं. दर दोन दिवसांनी ते लॅपटॉपला जोडायचे आणि पडद्यावर काळ्या रेघांची दाटी दिसायची. रेघा म्हणजे हालचाल, कोरी जागा म्हणजे झोप. शिवाय रोज सकाळी एक कागद भरायचा असायचा. किती वाजता पडलात, झोप कधी लागली, किती वेळा जाग आली, एकूण झोप कशी झाली.

पहिले दिवस संपल्यावर मी शुद्धीवर आल्यासारखी झाले. त्या कागदावर मी रोज 'छान' लिहायची आणि खोटं लिहीत नव्हते. सकाळी उठले की मला वाटायचं, रात्र सरळ गेली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टरीणबाई लॅपटॉप घेऊन आल्या. पडद्यावर बहुतेक रात्र काळी होती.

"तू सात तास लिहिलंयस. इथं तीनसुद्धा भरत नाहीत."

"मशीन बिघडलं असेल मॅडम. मी झोपले होते."

"दूधवाला किती वाजता आला होता?"

"सव्वापाचला," मी म्हणाले. "त्याआधी समोरच्या गल्लीत कुत्री भांडत होती. त्याच्याही आधी एक गाडी बराच वेळ सुरू होत नव्हती."

बोलता बोलता मी थांबले. हे सगळं मी ऐकलं होतं. रात्रभर ऐकत होते आणि मला ते स्वप्न वाटलं होतं. त्या क्षणी जी भीती वाटली तशी मैदानावर पडतानाही वाटली नव्हती. मैदानावर निदान छाती धडधडत होती हे मला कळत होतं. इथं मी जागी की झोपलेली, एवढंही मला सांगता येत नव्हतं. मग मी आणखी काय काय चुकीचं सांगत असेन? आता पुन्हा कधी घेणार नाही, असं मी त्यांना चार दिवसांपूर्वी सांगितलं होतं. तेही मला नुसतं वाटत असेल तर?

त्या दिवसापासून मला रात्रीची भीती बसली. मी पडून राहायची आणि स्वतःवर पहारा ठेवायची. हात हलू द्यायचा नाही म्हणून तो मांडीखाली दाबून धरायची. मनगटावरचा चौकोन आपल्याकडे बघतोय असं वाटायचं. डोळा लागला तर स्वप्नात सुई दिसायची, आणि सुई दिसली की बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याचीच मला जास्त भीती वाटायची.

आणि त्यातच सरांचा फोन आला. आई नळावर कपडे धूत होती. सर म्हणाले, "भरतीच्या ग्राउंडची तारीख आलीय. पुढच्या गुरुवारी. काय वाट्टेल ते कर पण बाहेर पड. रात्री झोप लागती म्हणून सांग. आणि तितं कशावर सही करू नको. असल्या जागंचं रेकॉर्ड राहतंय. एकदा खात्याला कळलं की वर्दी विसर."

मी तर दाखल होतानाच सही केली होती. कशावर, तेही वाचलं नव्हतं. मला वाटायला लागलं, त्या काळ्या रेघा लॅपटॉपमधून कुठंतरी जात असणार. कुठल्यातरी ऑफिसात कुणी साहेब त्या बघणार आणि माझ्या नावापुढं फुली मारणार. आज हे हास्यास्पद वाटतं. तेव्हा मी घामानं भिजले होते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की झोप सुधारल्याशिवाय घरी सोडणार नाही. म्हणजे मला झोप हवी होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. आईकडे होती. आमच्या घरात आईच्या झोपेची चेष्टा चालायची. म्हशीच्या धारा, शेण, भात, सगळं उरकून ती पडली की वाक्य अर्धं राहायचं. लाईट चालू असो, टीव्ही चालू असो, ती झोपली म्हणजे झोपली.

मी आईला म्हणाले, "आई, हे घड्याळ रातीपुरतं तू घाल."

"का गं?"

"खाजतंय. आणि... हे चांगलं आलं तर सोडतील मला. गुरुवारी ग्राउंड हाय."

 आईला सगळं कळलं होतं. "आनि बाईसायबांनी बगितलं मंजे?"

"सकाळी उजाडायच्या आत परत घालीन की मी."

तिनं हात पुढं केला. मी चिकटपट्टी नखानं हळूहळू सोडवली, घड्याळ तिच्या बांगड्यांच्या वर चढवलं आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. तिचं मनगट माझ्यापेक्षा बारीक निघालं. पट्टा शेवटच्या भोकात घालावा लागला.

असं दोन रात्री केलं. त्या दोन्ही दिवशी सकाळी कागदावर मी 'छान' लिहिलं. आई नेहमीसारखी उठली, केस विंचरले, खालून माझ्यासाठी चहा आणला. मला हलकं वाटत होतं. काम झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या त्या एकट्या नव्हत्या. बरोबर नर्स होती, हातात उघडा लॅपटॉप. स्टुलावर न बसता त्या उभ्याच राहिल्या.

"या दोन रात्री तू झोपलीच नाहीस," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी दोन-अडीच तास तरी होते. हे बघ. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात उचलला जातोय. रात्रभर. काय करत होतीस?"

मी पडद्याकडे बघितलं. कोरी जागा जवळजवळ नव्हतीच. 

"खरं सांग. कुणी काही आणून दिलंय का? खोलीत काही आहे?"

"नाही मॅडम. आईशप्पथ नाही."

नर्सनं माझी नाडी बघितली, बीपी बघितलं, दोन्ही दंड उजेडाकडे धरून तपासले. मग माझी बॅग खाटेवर रिकामी केली. कपडे, अभ्यासाची पुस्तकं, ग्राउंडचे बूट. तिनं बुटांतले तळवेसुद्धा काढून बघितले. मी भिंतीला टेकून बघत होते. काही सापडणार नाही हे माहीत होतं, तरी काहीतरी सापडेल अशी भीती वाटत होती. मीच कधीतरी, मला न कळता, काही लपवलं असेल तर? रात्रभर जागी राहून झोपले होते असं सांगणारी मुलगी काहीही करू शकते.

मग नर्सनं आईच्या पिशवीला हात घातला. फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, खर्ड्याची डबी, एक लुगडं, देवाचा अंगारा. डबीचं झाकण उघडून ती वास घ्यायला लागली तशी आई पुढं झाली.

"ऱ्हाऊ द्या वो. ती झोप माजी हाय, बाईसायब. तिची न्हवं."

 आईनं पदरातून हात बाहेर काढून मनगट दाखवलं. पट्ट्याचा वळ अजून होता.

"घड्याळ म्या घातलंतं. दोन्ही राती. तिला काय बोलू नगा."

डॉक्टरीणबाई हळूच स्टुलावर बसल्या. नर्सनं डबीचं झाकण लावलं. मला आधी लाज वाटली नाही. आधी मी त्या रेघांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आई झोपत नाही.

"हात कशासाठी उचलायचा मावशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बगाय नको? श्वास हाय का न्हाय ते." आईनं आपला तळहात माझ्या पाठीजवळ धरून दाखवला. "असा लावला की ऊब लागती. पयल्या तीन दिसांत मेल्यागत पडलीती की वो. डोळा लागला आनि हिचा श्वास थांबला तर? मग मी कुणाला हाक मारू?"

"तेव्हापासून तुम्ही किती झोपलात?"

आईनं विचार केला. "ही पडली म्हणून सरांचा घरी फोन आला, त्याच्या आदल्या राती झोपलो हुतो."

दोन आठवडे होत आले होते. ती खाली चटईवर स्वस्थ पडलेली असायची, श्वास एका लयीत चाललेला, आणि मला वाटायचं ती गाढ झोपलीय. मी जागी दिसले की, मला कळू नये म्हणून, ती तशी पडायची.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "या दोन रात्रींत आईचा हात तुला लागला का? एकदा तरी?"

"नाही."

"पहाटेचा दूधवाला?"

मी आठवायला लागले. काहीच आठवेना. कुत्री नाहीत, गाडी नाही. घड्याळ हातात नसल्यावर मी बहुतेक खरंच झोपले होते. नेमक्या त्या दोन रात्री कुणी मोजल्या नव्हत्या.

त्या दिवशी त्यांनी आधी आईची सोय केली. तपासणीच्या खोलीतल्या खाटेवर तिला झोपायला लावलं आणि मला दुपारच्या जेवणापर्यंत नर्सच्या टेबलाजवळ बसवलं. आईला शब्द दिला की नर्स माझ्यावरून नजर हलवणार नाही. तरी ती दोनदा उठून दारात येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली नाही. थोड्या वेळानं तिचं घोरणं बाहेर ऐकू आलं आणि नर्स हसली. मी रडले.

दुपारी मी सरांच्या फोनचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मी सही केलेला कागद आणून माझ्यासमोर ठेवला. वाच म्हणाल्या. माझी माहिती माझ्या परवानगीशिवाय कुणाला देणार नाही, असं त्यात साध्या मराठीत लिहिलं होतं. "पोलिसांची भीती सोड," त्या म्हणाल्या. "मला दुसरी भीती आहे. इंजेक्शनशिवाय तू आत्ता ते अंतर पळू शकत नाहीस, हे तुलाही माहीत आहे. मग गुरुवारी सकाळी तू काय करशील? आणि तुझं हृदय ते सोसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी तुला बांधून ठेवणार नाही. तू सज्ञान आहेस."

पुढं एक रात्र त्यांनी माझ्या डोक्याला वायरी लावून झोप तपासली. केसांत चिकट मलम, कपाळावर, हनुवटीवर, छातीवर वायरी, आणि शेजारच्या खोलीत एक ताई रात्रभर पडद्यासमोर. आईला घरी पाठवलं होतं. मला वाटलं होतं डोळा लागणार नाही. पण कुणीतरी जागं राहून माझी झोप बघतंय, आणि ते माणूस आई नाही, याचा आधार वाटला. झोप तुटक लागली, पण लागली. वाईट नाही, चांगलीही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोल झोप अजून परत आलेली नव्हती.

बुधवारी आईबरोबर बाबाही आले. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ह्ये परत व्हईल काय?"

"होऊ शकतं. पहिलं वर्ष जपावं लागेल."

त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. ते आत आले आणि खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभे राहिले.

"बाबा, उद्या ग्राउंड हाय," मी म्हणाले.

"नोकरीसाटनं पाठिवलंतं तुला, मराय न्हवं," ते ओरडलेच. बाहेरून नर्स डोकावली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गावात डेंगी म्हणून सांगितलंय. आता मैदानात पडलीस तर काय सांगू?"

गुरुवारी पहाटे मी ग्राउंडचे बूट घातले, नाड्या आवळल्या आणि खाटेच्या कडेला बसले. दरवाजाला कुलूप नव्हतं. खाली रस्त्यावर रिक्षा मिळाली असती. दवाखान्यापासून खोलीपर्यंत पंधरा मिनिटं, आणि खोलीत माझ्या ट्रंकेत, पुस्तकाच्या वेष्टनात, एक बाटली होती. ती कुणाला सापडली नव्हती. मी सांगितलंही नव्हतं. आई समोर बसून शेंगा सोलत होती. ती माझ्या पायांकडे बघायची आणि पुन्हा शेंगांकडे.  उन्हं खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढली. बारा वाजून गेले तेव्हा आईनं वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मग मी तिला बाटलीचं सांगितलं. बाबांनी खोलीवर जाऊन ट्रंक आणली, पण बाटलीचं काय केलं ते आजपर्यंत सांगितलं नाही.

घरी आल्यावर बरेच महिने झोप यायची आणि जायची. सुईची स्वप्नं सगळ्यांत शेवटी गेली. पुढच्या भरतीला मी काहीही न घेता पळाले, सावकाश पळाले आणि भरतीतून बाद झाले. आता गावातल्या दूध संस्थेत काम करते. आईची झोप मात्र पहिल्यासारखी झाली नाही. मी कूस बदलली तरी तिला जाग येते. टीव्ही चालू असला तर आता ती बंद करायला सांगते. डॉक्टरीणबाईंकडे तिला दोनदा घेऊन गेले. तिच्यासाठीही त्यांनी तेच घड्याळ काढलं, पण आईनं ते हातात बांधून घ्यायला साफ नकार दिला.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी संस्थेत आली. एकोणीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते, राधानगरीला कुठंतरी सराव करते. दूध घातलं तरी ती घुटमळत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही काय घेत होतात म्हणं?"

म्हणजे डेंगीवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता. मी कॅन बाजूला सारला, तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. मैदानावर पडले ते, गालातला घास, रात्रभर जागी असून झोपले म्हणाले ते, आईचा हात. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोचलं.

उठताना तिनं ओढणी सारखी केली आणि विचारलं, "पण आठशेला किती सेकंद कमी व्हायचे?"

मी त्याच संध्याकाळी तिच्या आईला जाऊन सांगितलं. त्या बाईनं मला चहासुद्धा विचारला नाही. आता रोज सकाळी ती मुलगी दूध घालायला आली की मी आधी तिच्या डोळ्यांखाली बघते, मग हातांकडे. थंडी नसतानाही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असतात. कालपासून ती आली नाही. तिचा लहान भाऊ किटली घेऊन आला. ताई कुठाय म्हणून विचारलं तर म्हणाला, "कालधरनं झोपलीया."